दिलाशाचे बुधवार

कांद्याच्या गाड्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. त्या दिसायच्या आधी त्यांचा वास येतो. सकाळी दार उघडावं तर तळवड्याच्या वाटेकडून तो उग्र, धुळीत मिसळलेला वास येऊन ओसरीवर बसलेलाच असतो. मग चाकांची कुरकुर, मग बैलांच्या गळ्यातली घुंगरं. चाकण-महाळुंग्याच्या बाजूला कांदा निघाला की गाड्यांची रांग आमच्या दारावरून चिंचवड स्टेशनाकडे जाऊ लागते. या वर्षी मधूनच एखादा ट्रकही जातो आणि बैलांना बुजवून पुढं निघतो. शेजारणी दारात उभ्या राहून गाडीवानांशी घासाघीस करतात, मनासारखा भाव झाला की दिवसभर खुशीत असतात. सगळ्यांना हे दिवस आवडतात. मी दार लोटून घेते.

आम्हा ख्रिस्ती लोकांत हेच दिवस उपवासकाळाचे. प्रभूच्या दुःखाची आठवण करायची, जिभेला आणि मनाला आवर घालायचा, आणि शेवटी पुनरुत्थानाच्या सणाला धुतलेलं लुगडं नेसून चर्चमध्ये जायचं. पाद्रीसाहेब दर वर्षी सांगतात, या दिवसांत मनातली कडू मुळं उपटून टाका. मी दर वर्षी बसून बघते. कांदा उपटायला सोपा असतो. वाळली पात धरून ओढली की माती सोडून वर येतो. मनातलं तसं येत नाही. पात तेवढी हातात येते आणि गड्डा आत राहतो.

म्हणून यंदा ते लिहून बघते आहे. कुणाला दाखवायचं नाही, त्यामुळे चांगलं दिसायचीही गरज नाही.

त्या वर्षी पिंपरीचा औषधांचा कारखाना नवाच होता. आमचे हे नगर जिल्ह्यातून त्या कामावर आले, आणि त्यांच्या मागून मी आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. चिंचवड स्टेशनापासून जवळ दोन खोल्या मिळाल्या. माझ्या आईला त्याचा किती आनंद झाला होता. तिचं गाव महाळुंगं. तिथं आमचं एकच घर ख्रिस्ती. वडील मिशनच्या बंगल्यावर माळी होते, ते गेल्यावर आई तिथंच एकटी राहिली. मला भाऊ नाही, बहीण नाही. लग्न होऊन मी नगरकडे गेले तेव्हा ती म्हणाली होती, आता तुझं तोंड वर्षातून एकदा दिसेल. आणि मग मी परत तिच्या इतक्या जवळ आले, की सकाळी निघालं तर ऊन चढायच्या आत तिच्या दारात. "आता दर महिन्याला येत जा," ती म्हणाली. मी दोनदाच गेले असेन. पावसाळ्याच्या अखेरीला आत्याबाईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणं म्हणजे काय, ते ज्यानं केलं त्याला सांगावं लागत नाही, आणि ज्यानं केलं नाही त्याला सांगून कळत नाही. जुन्या लुगड्यांची धडुती करायची, ती बदलायची, धुवायची, वाळत घालायची, आणि वाळायच्या आत पुन्हा लागायची. माणूस एका कुशीवर फार वेळ राहिलं की पाठीला जखम होते, म्हणून सारखं वळवत राहायचं. पेज भरवायची ती तोंडाच्या डाव्या बाजूनं, नाहीतर घशात अडकते. आत्याबाई अंगानं थोराड होत्या. त्यांना वळवताना मी एक गुडघा बाजेवर टेकवून, त्यांचा हात माझ्या मानेवरून घेऊन जोर लावायची. त्यांची जीभ जड झाली होती. त्या काय म्हणतात ते मला कळे, यांना निम्मं कळे, बाहेरच्याला काहीच नाही. पण डोकं लख्ख होतं. डोकं गेलं असतं तर त्यांना सोपं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटे.

यांना मी दोष देत नाही. कारखान्यातली पाळी, कधी सकाळी, कधी रात्री. आईजवळ बसायचे, पंख्यानं वारा घालायचे, पण धडुतं बदलायची वेळ आली की उठून बाहेर जायचे. पुरुषानं आईचं ते करायचं नसतं, असं त्यांना वाटे. आत्याबाईंनाही तसंच वाटे. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

आमच्या चर्चमध्ये तेव्हा एक नवं काम निघालं होतं. घरात आजारी माणसाची सेवा करणाऱ्या बायकांना भेट द्यायची. आजाऱ्याला नव्हे, सेवा करणारीला. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणेन. आजाऱ्याला बघायला सगळे येतात, त्याच्या उशाशी बसणारीकडे कुणी बघत नाही, असं पाद्रीसाहेबांनी उपदेशात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावर बसून माझ्या डोळ्यांना धार लागली होती. शेजारच्या बाईला आत्याबाईंजवळ बसवून मी अर्ध्या उपासनेला आले होते तो दिवस. वाटलं, देवानं पाद्रीसाहेबांच्या तोंडून मलाच हाक मारली. त्या कामाला दिलासा मंडळ असं नाव दिलं. प्रमुख होत्या मंजुळाबाई. त्या बायबलबाई होत्या, म्हणजे घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या. त्यांच्याबरोबर आणखी चार जणी. आमच्या घराला बुधवार मिळाला.

पहिल्या बुधवारी मी खरंच वाट पाहिली. त्या आल्या, चटईवर बसल्या, गाणं म्हणाल्या. मंजुळाबाईंचा आवाज फार गोड होता. दारावरून जाणारा एक गाडीवानसुद्धा बैल थांबवून ऐकत उभा राहिला. मग शास्त्रपाठ, मग प्रार्थना, मग मंजुळाबाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "सुशीलाबाई, तुम्ही जे करता ते माणसासाठी नाही, प्रभूसाठी करता. धीर सोडू नका." त्या गेल्यावर मला हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते टिकलं.

पण एक गोष्ट त्यांच्यापैकी कुणाच्या ध्यानात आली नाही, आणि मला सांगता आली नाही. त्या येणार म्हणून बुधवार हा माझा सगळ्यांत जड दिवस झाला. आपल्याकडे पाच बाया प्रार्थनेला येणार म्हटल्यावर घर जसंच्या तसं ठेवून चालतं का? उजाडायच्या आधी उठायचं, आत्याबाईंना न्हाऊ घालायचं, चांगलं लुगडं नेसवायचं, जे दुपारपर्यंत खराब होणारच होतं. ओसरीवरची धडुत्यांची दोरी काढून मागं न्यायची, तिथं ऊन नाही. वास जावा म्हणून कडुनिंबाचा पाला जाळायचा. चहाला शेजारून कपबशा आणायच्या, त्या धुवून परत करायच्या. एकदा मी नुसता चहा पुढं ठेवला, तर एक बाई हसत म्हणाली, मागच्या खेपेच्या शेंगदाण्याच्या लाडवांची चव अजून जिभेवर आहे हो. ती थट्टाच होती. पुढच्या मंगळवारी आत्याबाई झोपल्यावर मी लाडू वळले.

"घर कसं आरशासारखं ठेवलंय," त्या म्हणत. "आजारी माणसाचं घर आहे असं वाटतच नाही." ते माझं कौतुक होतं.

आत्याबाई प्रार्थनेत डोळे मिटून पडायच्या. एकदा गाण्याचं चौथं कडवं चाललं असताना त्या काहीतरी बोलल्या. मंजुळाबाईंनी गाणं थांबवलं, त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बघा, आईंचा आत्मा कसा हलला." सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्याबाई म्हणाल्या होत्या, त्यांना म्हणावं गाणं पुरे, आधी मला वळव, पाठ जळती. त्या गेल्यावर दोघी हसलो. आत्याबाईंचं हसू तोंडाच्या अर्ध्या बाजूनंच यायचं, पण यायचं. इतक्या वर्षांच्या सासू-सुनेत तेवढं एकच हसणं आम्ही बरोबर हसलो असू.

दगडूमामा त्याच दिवसांत एकदा दारात गाडी थांबवून उभे राहिले. ते महाळुंग्याचे शेतकरी, आमच्या आईच्या घराच्या मागं त्यांचं वावर. कांदा घेऊन स्टेशनाला निघाले होते. पाणी प्यायले, मिशी पुसली, आणि गाडीच्या चाकाकडं बघत म्हणाले, "सुशे, म्हातारीचं पोट फुगलंय गं. पाय बी सुजल्यात. आमची कारभारीण पेज नेऊन देती, पर ती काय खात न्हाई. तुझं नाव काढती."

मी विचारलं, फार आहे का.

"मी काय डागदर हाय? पर येऊन जा. उद्याच्याला रिकामी गाडी जाईल, बस तीत. सांजच्याला दुसरी गाडी हिकडं येईल, तीत परत ये. एक दिस तर."

एक दिवस. मी आत वळून पाहिलं. आत्याबाई बाजेवरून माझ्याकडेच बघत होत्या.

यांना सांगितलं. ते म्हणाले, बहिणीला बोलावू. नणंद नगरकडे, तिचं बाळंतपण जवळ आलेलं. शेजारच्या बाईला विचारावं तर तिचीही कांद्याच्या वखारीवर मजुरी सुरू झाली होती. ती दिवस उगवायच्या आत जाई. त्या हंगामात रिकामं माणूस सापडणं कठीण. सगळ्या मुलखाचे हात कांद्यात गुंतलेले.

मग मला दिलासा मंडळ आठवलं. मला एवढ्या उशिरा का आठवावं, याचं माझं मलाच हसू आलं. पाच जणी. दर बुधवारी येतात. त्यांच्यातल्या दोघी जरी एक दिवस आत्याबाईंजवळ बसल्या तरी माझं काम झालं.

ते विचारायचं म्हणून मी तो सबंध आठवडा मनात वाक्य जुळवत होते. मला माणसांपुढं बोलता येत नाही. शाळेतही चौथीपर्यंत गुरुजींनी विचारलं की येत असलेलं उत्तर घशात राहायचं. बुधवार आला, गाणं झालं, पाठ झाला, आणि मंजुळाबाईंनी दर वेळेसारखं विचारलं, काही खास विषय आहे का? तेव्हा मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत सांगून टाकलं. आई आजारी आहे. महाळुंग्याला जाऊन यायचं आहे. एक दिवस आत्याबाईंजवळ कुणी बसलं तर.

मंजुळाबाईंच्या डोळ्यांत लगेच पाणी आलं. ते खोटं नव्हतं. त्या म्हणाल्या, "अरेरे, आणि तुम्ही हे ओझं एकटीनं वाहिलंत? बायांनो, हा विषय आपण आत्ताच प्रभूपुढं ठेवू."

आणि त्यांनी ठेवला. आधी मंजुळाबाईंनी प्रार्थना केली, मग एकेकीनं. प्रत्येकीनं मनापासून मागितलं, की हे दयाळू पित्या, तुझ्या या लेकीसाठी कुणाला तरी पाठव. तिच्या सासूजवळ बसायला कुणी तरी दे. तुला काय अशक्य आहे? पाचही जणी डोळे मिटून, माझ्यापासून हातभर अंतरावर चटईवर बसून, देवाकडे माणूस मागत होत्या. मी डोळे उघडले होते. पाचही चेहऱ्यांकडे आळीपाळीनं बघत होते. वाटत होतं, आता हिला सुचेल. आता हिला. मग सगळ्या मिळून आमेन म्हणाल्या, चहा प्यायल्या, आणि उन्हं कलायच्या आत घरी गेल्या. जाताना एकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, विश्वास ठेवा हं.

मी अनेकदा याचा विचार करते. त्या वाईट नव्हत्या. मंजुळाबाई तरुणपणी विधवा झालेल्या, दोन मुलं पुरलेली बाई. भर उन्हात पायी येत. कामाला त्या भीत होत्या असंही नाही. चर्च झाडायला, सणाला भाकरी बडवायला त्या सगळ्यांच्या पुढं. मग त्यांना का सुचलं नाही? मला वाटतं, त्यांचं काम दिलासा देण्याचं ठरलेलं होतं. बाज वळवणं, धडुतं बदलणं हे माझं ठरलेलं होतं. ती माझी सेवा, माझा वधस्तंभ. दुसऱ्याचा वधस्तंभ खांद्यावर घेऊ नये, त्याला तो वाहायला बळ मिळावं म्हणून गावं, असं काहीतरी त्यांच्या मनात बसलं असावं. आणि ज्याला आपण रोज थोर म्हणतो ते काम आपण सहज जाऊन एक दिवस करून टाकलं, तर ते थोर कसं राहील?

त्यांचा आवडता पाठ एकच होता. शास्त्रात एक सून आहे. नवरा मेल्यावरही ती सासूला सोडत नाही, आपलं माहेर, आपला मुलूख टाकून सासूबरोबर परक्या देशात जाते. दर दोन-तीन बुधवारांनी तो पाठ यायचा आणि वाचून झाला की सगळ्या माझ्याकडे बघून हसायच्या. आधी मला बरं वाटे. दगडूमामा येऊन गेल्यावर मी त्या पाठात वेगळंच शोधायला लागले. त्या सुनेलाही आई होती. पाठात तिचा उल्लेख एकदाच, तोही माहेरी परत जा असं सांगताना. सून सासूबरोबर निघून गेली त्यानंतर त्या आईचं काय झालं? ती आजारी पडली का? तिला पेज कुणी दिली? मी पुढची सगळी पानं बघितली. कुठंही लिहिलेलं नाही.

पुढच्या बुधवारी मंजुळाबाईंनी विचारलं, प्रार्थनेचं उत्तर मिळालं का? मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, प्रभूची वेळ निराळी असते. दगडूमामा आणखी एकदा आले. या खेपेला गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. "काय पोरी, एवढी कसली अडचण? सासूच हाय नव्हं, काय दागिना हाय?" असं म्हणाले आणि बैलांना हाकललं. त्यांनी टाकून बोललेलं मला लागलं नाही. तोवर दिलाशाचंच जास्त लागायला लागलं होतं.

झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या बुधवारी मंजुळाबाई फार आनंदात आल्या. झावळ्यांचा रविवार म्हणजे प्रभू गाढवावर बसून नगरात आला तो दिवस. त्या दिवशी शिंदीच्या झावळ्या हातात घेऊन सगळी मंडळी गात मिरवणुकीनं चर्चबाहेर जाते आणि फिरून आत येते. त्या म्हणाल्या, पुण्याहून मिशनची मोठी मंडळी येणार आहेत. दिलासा मंडळाच्या कामाबद्दल त्यांना ऐकायचं आहे. मिरवणुकीनंतर तुम्ही साक्ष द्यायची. साक्ष म्हणजे सगळ्यांपुढं उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं.

मी म्हटलं, मला बोलता येत नाही.

त्या म्हणाल्या, चारच वाक्यं. मी शिकवते. आणि मला शिकवलीसुद्धा. मी थकले होते, निराश झाले होते, मग बुधवारी बहिणी येऊ लागल्या आणि माझं ओझं हलकं झालं.

मी म्हटलं, आत्याबाईंना कसं सोडू?

"त्याची काळजी नको," मंजुळाबाई म्हणाल्या. "या दोघी बसतील ना. सकाळीच येतील, दुपारपर्यंत थांबतील." आणि त्या दोघींनी लगेच हो म्हटलं. हसत. त्यात काय एवढं, म्हणाल्या.

इतकं सोपं होतं ते. मी त्या दोघींकडे बघत राहिले. माझ्या आईसाठी देवाकडे ज्यांनी माणूस मागितलं होतं, त्याच त्या दोघी.

रविवारी हे जादा पाळीवर होते; त्या दोघी वेळेवर आल्या. धडुती कुठं आहेत, पेज कशी भरवायची, कसं वळवायचं, सगळं मी दाखवलं. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. चर्चमध्ये मला पुढच्या बाकावर बसवलं. मग झावळ्या वाटल्या, आणि गात गात सगळे बाहेर पडले. लहान मुलं पुढं, मग पाहुणे, पाद्रीसाहेब, पुरुष, मागं बाया. मी सगळ्यांत मागं पडले. मिरवणूक फाटकातून रस्त्यावर आली, रस्त्यानं तिठ्यापर्यंत गेली. तिठ्यावर ती उलट वळून चर्चकडे फिरते, दर वर्षीची रीत. तिथून एक वाट तळवड्यावरून महाळुंग्याला जाते.

मिरवणूक वळली. मी वळले नाही.

काही ठरवलं होतं असं नाही. पाय सरळ चालत गेले. मागं गाणं ऐकू येत होतं, मग कमी कमी होत गेलं. पुढचं मला नंतर कळलं, की शास्त्रपाठानंतर मंजुळाबाईंनी माझं नाव घेतलं, दोनदा घेतलं, सगळ्यांनी माना वळवून बघितलं, आणि पाहुण्यांपुढं त्या बाईला खाली बसावं लागलं. पुढं पाद्रीसाहेब घरी येऊन मला शांतपणे म्हणाले, तुम्ही नुसतं सांगितलं असतंत तर आम्ही काही व्यवस्था केली नसती का? मंजुळाबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी खाली बघितलं. मीही खाली बघितलं. त्यानंतर आमच्या घरचा बुधवार बंद झाला. मला दोरी मागं न्यावी लागली नाही, लाडू करावे लागले नाहीत, आणि खरं सांगायचं तर दिलासा काय तो तेव्हा मिळाला.

तळवड्याच्या शिवारात कांदा काढायचं काम चाललं होतं. बाया ओळीनं बसून पात कापत होत्या. एकीनं माझ्या हातातली झावळी बघून विचारलं, कुठली जत्रा गं? मी पाय उचलले. इंद्रायणीला पाणी पोटरीएवढं होतं. उतारातून पलीकडे गेले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं आणि मी पळत होते. इतकी मोठी बाई, नेसूचं ओलं, हातात झावळी, आणि पळत होते.

आई घरात जमिनीवर वाकळेवर पडली होती. तोंड बारीक झालेलं, हातांच्या काड्या, आणि पोट मात्र भरल्या दिवसांच्या बाईसारखं. तिनं ओळखलं. हसली. "आज झावळ्याचा रविवार व्हय?" एवढंच म्हणाली. मी पाणी तापवलं, तिचं अंग पुसलं, केस विंचरले, खालची वाकळ बदलली. तिला वळवताना तिनं अंग चोरलं, म्हणाली, राहू दे, लाज वाटती. पण माझे हात सरावलेले होते. कुठं धरलं की दुखत नाही, कसा आधार दिला की माणसाला पडल्यासारखं वाटत नाही, हे त्यांना पाठ होतं. आई म्हणाली, "किती हलका गं तुझा हात." ते सगळं शिक्षण दुसऱ्या बाईच्या अंगावर झालेलं. आईच्या अंगाला ते हात तेवढे एकदाच लागले.

मी आज राहणार म्हटलं. तशी तिनं विचारलं, "सासूला कुणापाशी ठिवलंस?"

"चर्चमधल्या दोघी आहेत."

"कुठवर बसणार त्या?"

"दुपारपर्यंत."

आईनं दाराकडं बघितलं. उन्हाची तिरीप उंबऱ्याच्या बाहेर गेली होती. "दुपार झाली की," ती म्हणाली. "जा. ऊठ."

मी हट्ट केला. रडले. म्हटलं, त्यांची होऊ दे फजिती, एक दिवस. मी तुझी कुणी नाही का? ती ऐकत होती, आणि मग तिनं मला जे सांगितलं ते दिलासा मंडळानं सांगितलं असतं तर मी एवढी खचले नसते. "तिला उठता येत न्हाई," आई म्हणाली. "मला अजून हात तरी हलवता येतो. जा, माझी शप्पत हाय." लेकीला सासरी पाठवताना जसं तोंड फिरवतात तसं तिनं तोंड फिरवलं. माझी आईसुद्धा त्यांच्यातलीच निघाली. कुणाची सेवा आधी, हे तिचंही ठरलेलं होतं, आणि त्यात तिचा नंबर नव्हता.

त्यानंतर ती फार जगली नाही. मातीला मी गेले. मातीला जायचं म्हटल्यावर आत्याबाईंजवळ बसायला माणसं लगेच मिळाली, मागावी लागली नाहीत. आता आत्याबाईही नाहीत. दिलासा मंडळ अजून आहे. मागच्या महिन्यात नव्या पाद्रीणबाईंनी मला विचारलं, तुम्ही इतकं सोसलंय, तुम्ही आमच्याबरोबर भेटींना या, तुमच्या तोंडून दिलासा मिळाला तर बायांना किती बळ येईल. मी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. गुडघे दुखत नाहीत. मला त्या घरांत जाऊन गाता येणार नाही, आणि गाण्याशिवाय दुसरं काही करायला त्या मला नेत नव्हत्या.

पण त्या रविवारचं राहिलंच. मी परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. त्या दोघी ओसरीवर उभ्याच होत्या, पदर कमरेला खोचलेले, चेहरे ओढलेले. एकीच्या लुगड्यावर पेज सांडली होती. ती म्हणाली, आम्हाला काय माहीत इतका वेळ लागतो, किती वेळा बदलायचं ते. दुसरी म्हणाली, सांगून तरी जायचंत, आमच्या घरी लेकरं आहेत. कुठं गेला होतात, हे दोघींपैकी एकीनंही विचारलं नाही. त्यांना माहीत होतं, म्हणून विचारलं नसेल. त्या गेल्या. मी आत आले. आत्याबाईंना उताणं टाकून ठेवलं होतं आणि त्यांचा चेहरा घामानं भिजला होता. मी वाकून त्यांच्या मानेखाली हात घातला तेव्हा त्यांनी डावा हात उचलला आणि माझं मनगट धरलं.

"कशी हाय गं तुझी आई?"

कांद्याच्या त्या सगळ्या हंगामात ही गोष्ट मला एका माणसानंही विचारली नव्हती. ना यांनी, ना मंजुळाबाईंनी. आणि जिनं विचारली, तिच्याच पायी मला जाता येत नव्हतं. मी म्हटलं, बरी आहे.

"खोटं," आत्याबाई म्हणाल्या. मनगट सोडलं नाही. नंतर म्हणाल्या, "मी मरत बी न्हाई बघ लवकर."

मी त्यांना वळवलं आणि मनातून एवढंच म्हटलं, की हो, खरं आहे.